कमांड स्पेलमधला ‘एक शब्द’ मराठीत कसा मोजायचा? (‘थांबव’वरून आमच्या टेबलावर झालेला वाद)

सुरसागरकाठ (बडोदा)

नमस्कार. प्रश्न थोडा लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला मत देता येणार नाही.

रावपुऱ्यात मामींच्या घरी दर रविवारी दुपारी चारला आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला बसतो, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. पाचवी आवृत्ती, २०१४ चं प्लेअर्स हँडबुक. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा मी समा भागात तळमजल्यावर राहत होते. पुस्तकाची खालची कड त्यात भिजली, पानं फुगली, पण वाचता येतं. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारी आणि नियमांचे निर्णय देणारी, मी. खेळ मराठीत चालतो, मधून मधून गुजरातीत. माझ्या टेबलावर इंग्रजी फक्त स्पेलच्या, म्हणजे जादूच्या मंत्रांच्या, नावांना आणि आकड्यांना. हे मी मुद्दाम ठरवलं, कारण मामी इंग्रजी वाचतात पण इंग्रजीत चिडत नाहीत, घाबरत नाहीत, आणि घाबरल्या-चिडल्याशिवाय हा खेळ होत नाही.

खेळात मामी क्लेरिक आहेत, म्हणजे देवाच्या बळावर जादू करणारी पुजारीण. शाळेत तीस वर्षं संस्कृत आणि मराठी शिकवून निवृत्त झाल्या. मामेभाऊ विझर्ड, म्हणजे जादूगार. कॉलेजातली माझी एक गुजराती मैत्रीण पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा. मामेभावाचा एक मित्र रोग (चोरटं, चपळ पात्र) खेळतो, तो या वादात बोलला नाही. वाद आहे कमांड या स्पेलवरून: समोरच्याला एका शब्दाची आज्ञा द्यायची, आणि स्पेल लागलं तर त्याने ती आपल्या पुढच्या टर्नला पाळायची. स्पेल टाकायला स्लॉट खर्च होतो; स्लॉट मोजकेच मिळतात आणि त्यांना लेव्हल असते.

गेल्या रविवारी प्रसंग असा होता. दरीवर दोरांचा झुलता पूल, पुलावर गावातली अकरा माणसं, पोरंबाळं धरून. पलीकडच्या काठावर हॉबगॉब्लिनांचा (खेळातली एक लढाऊ राक्षसी जमात) कप्तान आणि त्याचे सहा तिरंदाज. पुढच्या टर्नला बाण सुटणार हे सगळ्यांना दिसत होतं. मामींची पाळी आली. त्या म्हणाल्या, “कमांड. पहिल्या लेव्हलचा स्लॉट. कप्तानावर. शब्द, थांबव.”

मला ‘थांब’ ऐकू आलं. मी विचारलं, “थांब ना?” त्या म्हणाल्या, “थांब नाही गं. थांबव.”

मामींचा सेव्ह डीसी १५, म्हणजे स्पेल टाळायला (सेव्ह करायला) कप्तानाला निदान १५ हवे होते. त्याचा फासा ९ पडला, स्पेल लागलं. मी दोन क्षण विचार केला आणि निर्णय दिला: कप्तानाला कोणाला तरी थांबवायची आज्ञा झाली आहे, त्याच्या हातात थांबवण्यासारखी एकच गोष्ट आहे, म्हणजे त्याचे तिरंदाज. तो ओरडला, “धनुष्यं खाली!” त्यांनी खाली केली. एक राऊंड मिळाला, अकराच्या अकरा माणसं अलीकडे आली. मामींच्या डोळ्यांत पाणी होतं. तीन वर्षांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नाही.

मग मामेभाऊ म्हणाला, “आई, हे चालणार नाही.” त्याचं म्हणणं नीट सांगते, कारण ते खरंच वजनदार आहे. कमांड पहिल्या लेव्हलच्या स्लॉटवर एकाच प्राण्यावर लागतं. वरच्या स्लॉटवर टाकलं तर प्रत्येक जादा लेव्हलला एक प्राणी वाढतो. म्हणजे कप्तान धरून सात जणांना थांबवायचं तर सातव्या लेव्हलचा स्लॉट लागला असता, आणि आमची सगळी पात्रं पाचव्या पातळीवर आहेत, तिथे इतका वरचा स्लॉट मिळत नाही. इंग्रजीत ‘हॉल्ट’ म्हटलं असतं तर फक्त कप्तान गप्प उभा राहिला असता. मराठीत क्रियापदाला एक ‘व’ लावला आणि स्लॉटच्या सहा लेव्हल फुकट मिळाल्या.

मामींचं उत्तर: “नियम एक शब्द म्हणतो. मी एकच उच्चारला. माझ्या भाषेत प्रयोजक क्रियापद एका शब्दाचं असतं, त्याला मी काय करू?”

इथवर मला दोन्ही बाजू पटत होत्या. मग पॅलाडिन बोलली, आणि खरं म्हणजे मी इथे लिहितेय ते तिच्या बोलण्यामुळे. फेब्रुवारीत एका ओगरने (आडदांड राक्षसाने) आमच्याबरोबरच्या खेचरवाल्या मुलीवर सोटा उगारला होता. ती मुलगी माझं पात्र, पण पॅलाडिनने दोन महिने तिला सांभाळलं होतं, तिला तलवार धरायला शिकवलं होतं. पॅलाडिनने कमांड टाकलं आणि तोंडातून आलं ते तिच्या घरचं: “ऊभो रहे!” मी म्हटलं, हे दोन शब्द आहेत, बसत नाही. स्लॉट गेला. ओगरचा घाव लागला. मुलगी मेली.

गुजरातीत माणूस थांब म्हणताना ‘ऊभो रहे’च म्हणतो. ‘थोभ’ आहे, पण घाबरल्यावर ते कोणाच्या तोंडात येत नाही. पॅलाडिन एवढंच म्हणाली, “मामींना एका शब्दात सात जण मिळाले. मला दोन शब्दांत एकही नाही मिळाला.” आणि वही बंद केली.

तेव्हापासून मी पुस्तकातल्या पाच आज्ञा मराठीत लिहून बघतेय. अप्रोच: ये. ड्रॉप: टाक. फ्ली: पळ. हॉल्ट: थांब. आणि ग्रोव्हल? ‘लोटांगण घाल’. दोन शब्द. ‘आडवा हो’. दोन शब्द, शिवाय समोरची बाई असेल तर ‘आडवी हो’. ‘लोळ’ म्हटलं तर एक शब्द होतो, पण जमिनीवर लोळणं आणि शरण जाऊन पालथं पडणं एकच का? म्हणजे पुस्तकात छापलेली आज्ञासुद्धा माझ्या नियमाने मराठीत बसत नाही.

‘थांबा’चा घोळ आधी एकदा झाला होता. एका म्हाताऱ्या महंताला रोगने आदराने “थांबा” म्हटलं आणि लगेच म्हणाला की हे अनेकवचन आहे, शेजारचा शिष्यही थांबला पाहिजे. तो मी तिथेच मोडून काढला, आदरार्थी म्हणून.

तर प्रश्न असे: ‘थांबव’ मान्य करणं चूक होती का? आणि ‘ऊभो रहे’ नाकारणं?

---

फासे_आणि_पेन्सिल (पुणे)

आधी पुस्तकात काय आहे ते. २०१४ च्या कमांडमध्ये पाच आज्ञा दिल्यावर स्पष्ट लिहिलं आहे की याहून वेगळी आज्ञा दिली तर लक्ष्य कसं वागेल ते डीएम ठरवेल, आणि आज्ञा पाळणं शक्यच नसेल तर स्पेल संपेल. त्यामुळे ‘थांबव’ चालू शकतं आणि त्याचा अर्थ तुम्ही लावायचा. तुम्ही लावलात. इथे नियम मोडलेला नाही.

मामेभावाचा हिशोब मला चुकीच्या जागी लावलेला वाटतो. स्पेल एकावरच लागलं: कप्तानावर. तिरंदाजांनी सेव्ह केला नाही कारण त्यांच्यावर काही टाकलंच नव्हतं. त्यांनी आपल्या कप्तानाचा हुकूम ऐकला. हॉबगॉब्लिन म्हणजे कवायती फौज, हुकूम मोडणं त्यांच्या रक्तात नाही. त्याच जागी सहा साधे गॉब्लिन असते तर मी दोघांना तरी बाण सोडू दिला असता. म्हणजे सातव्या लेव्हलच्या स्लॉटचं काम पहिल्यावर झालं असं म्हणता येत नाही. सातव्या स्लॉटला सात जण जादूने बांधले जातात, इथे सहा जण केव्हाही भानावर येऊ शकले असते.

हा वादच नको असेल तर २०२४ चं हँडबुक घ्या. त्यात कमांडला पाचच आज्ञा ठेवल्या आहेत, त्यातूनच निवडायची. ‘डीएम ठरवेल’ हे वाक्य गेलं. मला वैयक्तिक ते आवडलं नाही, पण भांडणं कमी होतात हे खरं.

---

जुनी_वही (मुंबई)

माझ्याकडे १९७८ चं प्लेअर्स हँडबुक आहे, गॅरी गायगॅक्सचं. मोठ्या भावाने अमेरिकेतून आणलं होतं, आम्ही दादरला गच्चीवर खेळायचो. तुमचा वाद वाचून लगेच काढलं.

त्यातल्या कमांडमध्ये शब्द एकच असायची अट आहेच, पण तिच्याबरोबर दुसरी एक आहे जी पुढे पुसट झाली: आज्ञा संपूर्ण स्पष्ट हवी, तिचा दुसरा अर्थ निघता कामा नये. उदाहरण दिलंय ‘सुईसाइड’चं. तो शब्द नामही असू शकतो, म्हणून ऐकणारा दुर्लक्ष करेल. आणि ‘डाय’ म्हटलं तर एक राऊंड मूर्च्छा, नंतर प्राणी ठणठणीत.

आता ही नामाची कसोटी मराठीला लावून बघा. त्या पुस्तकाने ‘स्लीप’ हा शब्द सरळ चालणाऱ्या आज्ञांमध्ये दिलाय. मराठीत ‘झोप’ नामही आहे आणि आज्ञाही. ‘नाच’ तसंच. ‘मार’ तसंच. ‘पळ’ तसंच, पळ काढतात की. ‘बोल’, ‘खेळ’, ‘लोळ’, सगळे दोन्हीकडचे. आमच्या गच्चीवर यावरून एकदा कडाक्याचं भांडण झालं होतं, कारण डीएमने ‘झोप’ नाकारली आणि पहारेकरी जागा राहिला. तेव्हा आम्ही तेरा-चौदा वर्षांचे होतो, कोणाला उत्तर सापडलं नाही. नंतर आम्ही शब्द कसा म्हणतो त्यावर ठरवायला लागलो. डीएमकडे बघून, हात उगारून, आवाज चढवून म्हटलं की ती आज्ञा. आवाज हाच या स्पेलचा एकमेव घटक आहे, दुसरं काही लागत नाही, हे विसरू नका.

तुमच्या मामींचं ‘थांबव’ या कसोटीला मात्र उतरतं. ते नाम होऊच शकत नाही.

---

धातुसाधित (नाशिक)

मी भाषा शिकवते आणि खेळतेही, त्यामुळे गप्प बसवत नाही.

जुनी_वही म्हणतात ‘थांबव’ स्पष्ट आहे. अर्धं खरं. ‘थांब’ अकर्मक आहे, ऐकणाऱ्यापाशीच पूर्ण होतं. ‘थांबव’ सकर्मक आहे, त्याला कर्म लागतं. कोणाला थांबव? काय थांबव? आज्ञा अर्धवट राहते. पण मग ‘टाक’कडे बघा. तेही सकर्मक आहे. काय टाक? आणि तिथे पुस्तकानेच कर्म भरून दिलंय: हातात जे धरलं असेल ते. म्हणजे कर्म गाळलेली आज्ञा या स्पेलला चालते, फक्त ते कर्म समोर उघड दिसायला हवं. कप्तानाच्या हातात तिरंदाज होते. सुरसागरकाठ यांनी जे दोन क्षणांत केलं ते व्याकरणाच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे.

आता ‘ऊभो रहे’. इथे मी स्पष्ट बोलते, तुमचा निर्णय चुकला. ते दोन शब्द असले तरी क्रिया एक आहे. मराठीत ‘टाकून दे’, ‘निघून जा’, ‘उभा राहा’ हे सगळे तसेच. दोन पदं, एकच करणं. उलट मराठी विभक्तीचे प्रत्यय शब्दाला चिकटवते, म्हणून इंग्रजीत ‘इन द वेल’ असे तीन तुकडे पडतात ते आपल्याकडे ‘विहिरीत’ या एका शब्दात बसतात. लेखणी कुठे उचलायची याचे संकेत भाषेगणिक वेगळे. त्या संकेतावर एखाद्या पात्राचा जीव टांगणं मला पटत नाही.

नियम लिहिणाऱ्याला ‘एक शब्द’ म्हणून काय साधायचं होतं ते पाचही आज्ञांत दिसतं: एक करणी, एका टर्नमध्ये संपणारी, कोणी लगेच समजेल अशी. मी आमच्या टेबलावर शब्द मोजत नाही, क्रियापद मोजते. क्रियापद एकच, मग ते साधं असो की संयुक्त. पुढे अट, कारण, स्थळ काही जोडायचं नाही. ‘टाकून दे’ चालेल. ‘तलवार टाकून दे’ नाही, कारण कर्म वेगळं सांगितलं. ‘विहिरीत’ नाही, कारण त्यात करणंच नाही.

एक अनुभव सांगते. अरुंद कठड्यावर ‘लोळ’ म्हटलं तर? आमच्याकडे एकाने म्हटलं. मी सरळ नाही म्हटलं, कारण पडून मरण्याची आज्ञा थेट इजा करणारी आहे, आणि तशी आज्ञा २०१४ च्या नियमात लागतच नाही. तुमच्या झुलत्या पुलावरही हे लक्षात ठेवा.

---

ग्वाल्हेरचा_बार्ड

मला धातुसाधितताईंचं पटलं नाही, म्हणून लिहितो.

क्लेरिक मराठी बोलत नाही. ती कॉमन बोलते, म्हणजे खेळाच्या जगातली सगळ्यांची सामायिक भाषा. आपण टेबलावर जे बोलतो ते भाषांतर. कॉमनमध्ये प्रयोजक एका शब्दात होतं की नाही हे आपल्यापैकी कोणालाच माहीत नाही, तसंच ‘ऊभो रहे’ कॉमनमध्ये एक शब्द असेल की तीन, तेही नाही. म्हणून माझ्याकडे खेळाडू शब्द सांगतच नाही, तर कप्तानाने काय करावं ते सांगतो, आणि मी ठरवतो की ते पाचातल्या कुठल्या आज्ञेच्या जवळ आहे. मग भाषेवरून कोणाला जास्त-कमी मिळत नाही. मामींच्या ‘थांबव’ला मी ‘हॉल्ट’ दिला असता, पॅलाडिनलाही ‘हॉल्ट’च दिला असता. मुलगी वाचली असती. पुलावरची माणसं कदाचित नाही.

---

सुरसागरकाठ (बडोदा)

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. ग्वाल्हेरचा_बार्ड, तुमचा मार्ग सगळ्यांना सारखा आहे हे मान्य. पण माझ्या टेबलावर मी तो घेणार नाही. मामींनी तो शब्द शोधून काढला त्या क्षणी त्या खोलीत जे झालं ते ‘कप्तानाने थांबावं असं मला वाटतं’ म्हणून झालं नसतं. क्लेरिक कॉमन बोलत असेल, पण मामींकडे फक्त मराठी आहे, आणि पॅलाडिनकडे तिची गुजराती. त्यांच्याकडे जे आहे त्यानेच त्यांना खेळता आलं पाहिजे.

मी धातुसाधित यांचा नियम घेतला: एक क्रियापद, साधं किंवा संयुक्त. फासे_आणि_पेन्सिल यांचं एक जोडलं: ज्याला आज्ञा झाली तोच जादूने बांधला जाईल, त्याने पुढे कोणाला काही सांगितलं तर ते ऐकणारे आपल्या स्वभावाप्रमाणे वागतील, आणि प्रत्येकाचा विचार मी वेगळा करीन. मामेभावाला हे चाललं. त्याला मूळ खुपत होतं ते सहाही जणांनी एका दमात धनुष्य खाली केलं हे. त्याचं बरोबर होतं, मी तिथे घाई केली.

मामींना पॅलाडिनचं म्हणणं फार लागलं होतं. मंगळवारी त्यांनी फोन केला, सयाजीराव महाराजांच्या वेळच्या शब्दकल्पतरूबद्दल बोलायला. १९३१ साली बडोद्यात निघालेला तो राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश, आठ भाषांचे शब्द शेजारी शेजारी. मामींनी तो शाळेत असताना हाताळला होता. म्हणाल्या, “एका रकान्यात एक शब्द, शेजारच्या रकान्यात त्यालाच तीन शब्द, आणि कचेरीत काम दोघांनीही तेच व्हायचं. मला हे माहीत असून मी त्या दिवशी गप्प बसले. फेब्रुवारीत तू तिला नाही म्हणालीस तेव्हा मी समोर होते.” मी म्हटलं, “मामी, निर्णय माझा होता.” त्या म्हणाल्या, “व्याकरण माझं होतं.”

काल पॅलाडिनला भेटले, सेव उसळ खायला नेलं. मी सांगितलं की माझा निर्णय चुकला, आणि खेचरवाल्या मुलीला परत आणायचं असेल तर मी गोष्टीत वाट काढते. तिने बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, “ती गेली ते राहू दे. तिच्या जाण्याने माझी पॅलाडिन बदलली आहे, ते मला पुसायचं नाही. फक्त तुझ्या वहीत लिही की मी वेळेवर बोलले होते.”

मी दर खेळाची नोंद ठेवते. फेब्रुवारीचं पान काढलं. तिथे माझ्या अक्षरात होतं, ‘पॅलाडिन: कमांड, वाया’. ते खोडून तिच्यासमोर लिहिलं: ‘पॅलाडिन: कमांड, ऊभो रहे. आज्ञा बरोबर. डीएमने ऐकली नाही.’ तिने ते वाचलं, खाली तारीख घालायला लावली, आणि या रविवारी येते म्हणाली.

एक राहिलं. मामी आता तिसऱ्या लेव्हलचं सेंडिंग घेणार आहेत, त्यात निरोपाला पंचवीस शब्दांची मर्यादा आहे. तिथे क्रियापद मोजून भागणार नाही, शब्दच मोजावे लागतील. आणि मामी ‘तळ्याकाठच्या’, ‘गावाबाहेरून’, ‘निघाल्यापासून’ असे शब्द वापरून पंचवीसात आख्खं पत्र बसवतात, तर पॅलाडिनला उत्तर पाठवायला गुजरातीत तेवढेच पंचवीस. मराठीत खेळणाऱ्या कोणी यावर काही ठरवलं असेल तर रविवारच्या आत सांगा.